खर्जाचा बाक

१

लमरियाने टेकू म्हणून नुसता हात ठेवला होता चर्चमधल्या त्या बाकाच्या पाठीवर, आणि बाक आतून गुणगुणत होता.

ऐकू काहीच येत नव्हतं. कळलं ते तळहाताला. लहानपणी बापाच्या पाठीला गाल लावून बसलं आणि तो कुणाशी बोलायला लागला, की हाडांतून जसं घुमायचं, तसं काहीसं त्या फळीत चाललं होतं. तिने हात असा ओढून घेतला की दुसऱ्या हातातला नादकाटा सुटला आणि लाकडी जमिनीवर ठणठणत टेनरांच्या पायाशी गेला.

गाणं थांबलं.

“झुरळ का?” मधल्या आवाजाच्या, आल्टोच्या रांगेतून इनांग होटनिदाने विचारलं.

“नाही, इनांग. हात घसरला.” मोठ्या बायांना गावात आदराने इनांगच म्हणत.

“हात घसरला म्हणे. पोरी, मेदानला राहून संगीतातली पदवी आणलीस, दचकणं कमी कसं करायचं ते नाही शिकवलं तिथं?”

बाया हसल्या. लमरियाही हसली. लमरिया दचकते हा गावातला जुना विनोद होता. आंबा पडला तरी दचकते, मागून कुणी नाव घेतलं तरी दचकते, आणि दचकून झाल्यावर वर स्वतःच माफी मागते.

तिच्या मामाने, सहातने, नादकाटा उचलून तिच्या हातात दिला. सहात टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, गायचा. ती त्याला रीतीप्रमाणे तुलांग म्हणे, आणि तोही भाचीला कधी नावाने हाक मारत नसे.

“बेरे,” तो हळूच म्हणाला, “जेवलीस का नीट?”

“जेवले, तुलांग.”

“मग पुन्हा घेऊ. त्या वळणावर आल्टो झोपा काढतात.”

“झोपा नाही काढत,” होटनिदा म्हणाली. “तुमचा वरचा सूर डोंगर चढून येईपर्यंत वाट बघतो आम्ही.”

हसण्याच्या त्या गोंधळात लमरियाने पुन्हा बाकाला हात लावला. लाकूड. गार, गुळगुळीत, मुकं लाकूड.

हा बाक खर्जाचा. चर्चच्या उजव्या भिंतीला, खिडकीखाली. एके काळी त्यावर खांद्याला खांदा लावून गडी बसत आणि सणाच्या दिवशी त्यांच्या आवाजाने खिडकीच्या काचा वाजत, असं बाया सांगायच्या. मग काही जण बातामच्या कारखान्यांत गेले, काही पेकानबारूच्या ताडमळ्यांवर, आणि उरलेले एकेक करून वरच्या टेकडीवर, सिमेंटच्या थडग्यांत. लमरिया शिकून परत आली तेव्हा बाक रिकामाच होता. गावाचं गायनमंडळ तीनच आवाजांत गायचं. वरचा, मधला आणि टेनर. खाली काही नाही.

२

घरी येऊन तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात ती पटाईत होती. घाबरट माणसाला ती कला आपोआप येते.

जुनी इमारत, जुनं लाकूड. एका सुराने दुसरी वस्तू थरारते, यात नवल काय? शिवाय कॉलेजात त्यांना प्रयोग करून दाखवला होता: दोन वरचे सूर अगदी अचूक लागले, की त्यांच्या फरकातून तिसरा, खालचा सूर कानात उमटतो. तो कुणीच गात नसतं. तरी ऐकू येतो. तेव्हा अख्खा वर्ग हसला होता आणि लमरिया खुर्चीत ताठ झाली होती. तसंच काहीतरी. गळ्यांचं गणित.

आणि दुसरं, अधिक पटणारं कारण हे होतं की ती आठवडाभर धड झोपली नव्हती.

चर्चमंडळ्यांच्या महासभेने तरुण रचनाकारांसाठी स्पर्धा जाहीर केली होती. पंचविशीच्या आतल्यांसाठी. चर्चच्या गायनमंडळासाठी नवं गाणं, वाद्याशिवाय, चार आवाजांत. गाणं जिथल्या मंडळीसाठी लिहिलं त्यांनीच गायचं, आणि त्यांच्याच चर्चमध्ये. परीक्षक स्वतः गावोगाव येऊन ऐकणार. लमरियाचं गाणं पहिल्या चाळणीतून वर आलं होतं. पुढच्या वर्षी तिचं वय उलटून जाणार होतं.

पण बक्षिसाची एवढी तहान तिला नव्हती. तिने खर्जासह गाणं लिहिलं होतं आणि ते पूर्ण असं कधीच ऐकलं नव्हतं. पेटीवर वाजवून बघितलं होतं, पण ते म्हणजे नदीचं चित्र बघून पोहल्यासारखं. तिला माणसांच्या गळ्यातून ते ऐकायचं होतं. एकदाच. ह्याच चर्चमध्ये. हे कुणाला सांगायची तिला लाज वाटायची, म्हणून ती बक्षिसाचंच बोलायची.

खर्जाची व्यवस्था तुलांगने अंगावर घेतली होती. त्याचे दोघे मुलगे पेकानबारूहून त्या दिवसापुरते येणार होते. दोघेही आडदांड, आवाज रेड्यासारखे. “सुराचं तू बघ, आवाजाचं माझ्यावर सोड,” असं तो म्हणाला होता. त्यांच्यासाठी काढलेली खर्जाची पानं लमरियाच्या घरी कपाटात होती. ती अजून कुणाला दिलेली नव्हती. द्यायला होतं कोण?

गाण्याचे शब्द साधे होते, तिचेच. पहिली ओळ अशी: आमच्या आधी तू इथे होतास.

३

त्यांच्याकडे नवं गाणं आधी शब्दांत शिकत नाहीत. सुरावट आकड्यांत लिहिलेली असते, आणि प्रत्येक आवाज आपले आकडे दो-रे-मीमध्ये पाठ करतो. आकडे हाडांत मुरले की मगच शब्द. आणि गायला सुरुवात करण्याआधी सूर द्यायचा. मंडळ चालवणारी नादकाटा कानाशी नेते, आणि एकेका आवाजाला त्याचा पहिला सूर गाऊन देते. तो आवाज मिटल्या ओठांनी तोच सूर परत करतो. उत्तर मिळालं म्हणजे आवाज हजर. मग पुढच्या आवाजाकडे वळायचं.

लमरियाच्या आधी गायनमंडळ म्हातारे ओपुंग, म्हणजे आजोबा, युस्तिन चालवायचे. त्यांनी तिला सगळं शिकवलं, त्यात हेही की खर्जाच्या बाकावर कुणी नसलं तरी त्याला सूर द्यायचा. द्यायचा, जरा थांबायचं, मग हात उचलायचा. तिने कारण विचारलं तेव्हा ओपुंग म्हणाले होते, “पानावर बसताना घरातल्या सगळ्यांना हाक मारतो ना आपण? कोण जेवायला येणार आणि कोण नाही, ते नंतरचं.” ते गेले. तिने रीत चालू ठेवली. सवयीने. अंगठा चावायची सवय असते तशी.

त्या मंगळवारीही तिने सगळ्यांना सूर दिला. बायांनी उत्तर दिलं, टेनरांनी दिलं. तिने मान उजवीकडे वळवली, खर्जाचा सूर आपल्या गळ्याला झेपेल तसा वरच्या सप्तकात दिला, आणि थांबली. बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. बस, तेवढंच.

तिने हात खाली आणला. गाणं सुरू झालं.

सुरुवातीच्या ओळीत काही नव्हतं. दुसऱ्या ओळीवर बाया छान चढल्या, टेनर त्यांच्या पोटात शिरले, आणि मग लमरियाला वाटलं की चर्चला तळ आला. इतके दिवस ती भिंतींवर छप्पर ठेवल्यासारखी सुरावर सूर ठेवत होती, आणि आज कुणीतरी खाली जमीन सरकवली होती. तिने मोजणं सोडलं नाही. हात चालत राहिला. गळ्यांचं गणित, ती मनात म्हणाली. दोन वरचे सूर, त्यांचा फरक.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी खर्जाने उतरायचं होतं. कागदावर तिने पाचव्या आकड्यावर थांबवलं होतं. पण त्याच सकाळी, गावालगतच्या मोठ्या तळ्यावर चादरी धुताना, तिच्या मनात आलं होतं की तिथे थांबायला नको. अगदी खाली, एकापर्यंत जायला हवं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिलंही नव्हतं. हात साबणाचे होते.

खालचा सूर पाचावर आला, थांबला नाही, आणि उतरत एकावर गेला.

वरच्या सुरांनी तिथे काहीच बदललं नव्हतं. फरकाचं गणित तिथे बसत नव्हतं. आणि ते इतकं बरोबर होतं, इतकं तंतोतंत हवं तसं, की लमरियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचीच तिला भीती वाटली.

गाणं संपलं. बाया आपापल्या कागदाकडे बघत होत्या. उजवीकडे एकीनेही बघितलं नाही, आणि लमरियाच्या लक्षात आलं की हे न बघणं जरा जास्तच सारखं होतं; देवळात उपाशी माणसं स्वयंपाकाच्या वासाकडे बघत नाहीत तसं.

शेवटी होटनिदा म्हणाली, “आज भरल्यासारखं वाटलं बाई.”

“आवाज घुमला आज,” तुलांग म्हणाला. “पावसाळी हवा आहे. ओल्या हवेत घुमतो आवाज.”

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

४

लमरियाने स्वतःला एक गोष्ट घट्ट धरायला दिली. सूर दिल्यावर उत्तर येत नाही. जे काही आहे ते गाण्याच्या पोटात येतं, बाकीच्या आवाजांच्या आड. एकटं कधीच नाही. तिथे खरोखर काही असतं, तर बोलावल्यावर त्याने उत्तर दिलं असतं. नाही देत, म्हणजे नाही. म्हणजे आपले कान, आपलं मन, आपली झोप.

हे पडताळायला ती बुधवारी भर दुपारी एकटी चर्चमध्ये गेली. दारं उघडी होती, तळ्यावरचा वारा आरपार जात होता. ती मध्ये उभी राहिली आणि वरचा आवाज एकटीने गायली. काही नाही. मधला गायली. काही नाही. तिने खर्जाला सूर दिला, थांबली, अगदी कान लावून थांबली. तळ्यावर एक मोटारबोट गेली. ती चक्क हसली.

मग, धीर आलाच आहे म्हणून, ती त्या बाकावर जाऊन बसली.

अगदी मधोमध बसली. तिथून चर्च वेगळं दिसत होतं. ती रोज जिथे उभी राहते ती जागा समोर होती, आणि किती लहान दिसत होती. तिथे उभं राहून हातवारे करणारं माणूस इथून लेकरासारखं दिसत असणार. बाकाच्या पुढची जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा फिकी होती, बुटांनी घासलेली. इथं सगळे आवाज येऊन पोचत होते. वारा, बोटीची दूर गेलेली धडधड, कुठेतरी लाकूड फोडल्याचा आवाज. ते सगळे एकाच कशाच्या तरी तळाशी जाऊन बसत होते, आणि ते ऐकता ऐकता तिला वाटलं की आपण किती वर्षं नुसतं वरवरचं ऐकत आलो. तिची भीती कुठे गेली तेही तिला कळलं नाही. खूप मोठ्या झाडाखाली उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

मग बाक डावीकडे जरासा दबला.

लांब बाकावर शेजारी कुणी येऊन बसलं की आपल्याखालची फळी कलते ना, तेवढाच. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, थोडं पलीकडे. घाई नव्हती त्यात. सवयीने, आपापल्या जागी, एकेक जण टेकावा तसं. फळी करकरलीही नाही. ती फक्त खाली खाली जात राहिली आणि लमरिया मधोमध, हात मांडीवर, श्वास धरून बसून राहिली. डोळे वळवायची हिंमत झाली नाही. दोन्ही खांद्यांना ऊब जाणवत होती.

ती उठली तेव्हा धावली नाही. धावावंसं वाटत होतं, पण उपासना चालू असताना कुणी धावत नाही, असं काहीतरी डोक्यात आलं. दाराशी पोचल्यावर मागे लाकूड वर आल्याचा हलका आवाज झाला. तो एकदाच झाला. फक्त तिचीच जागा वर आली होती.

५

होटनिदाचं अंगण चर्चला लागूनच. ती कांद्याच्या जुड्या बांधत बसली होती.

“चेहरा बघ कसा झालाय. बस. पाणी घे.”

“इनांग, त्या बाकावर कुणी बसतं का? एरवी, उपासनेला?”

“खर्जाच्या? नाही बाई. मी झाडू मारते, फडकं मारते, झालं. कोण बसणार.”

“कुणी सांगितलंय का बसू नका म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? दुसऱ्याच्या ताटावर कुणी बसतं का?” तिने दातांनी दोरी तोडली. “युस्तिन म्हातारा सूर द्यायचा, आठवतंय? देऊन झालं की असा थांबायचा. मी समोरच असायची आल्टोत. उत्तर नाही आलं की मान हलवायचा, चला म्हणून.”

“वाईट वाटायचं त्यांना?”

होटनिदाने हातातली जुडी बाजूला ठेवली आणि खरोखर विचार केला.

“वाईट नाही,” ती म्हणाली. “सुटल्यासारखा दिसायचा. आणि पुढच्या वेळी पुन्हा द्यायचा. पुरुषांचं काही सांगता येत नाही.”

“इनांग, मंगळवारी तुम्हाला काय ऐकू आलं?”

“मला?” होटनिदाने पुन्हा जुडी हातात घेतली. “माझा नवरा तीस वर्षं त्या बाकावर बसून गायचा, पोरी. मला काय ऐकू येतं ते मी कुणाला विचारत नाही. तूही विचारू नकोस. पाणी पी.”

शुक्रवारी तुलांग आला तो पडलेल्या चेहऱ्याने. मुलांना रजा मिळाली नव्हती. मळ्यावर तोडणी चालू होती. मुकादमाने म्हणे सांगितलं की गाणी म्हणायला जायचं तर तिकडेच राहा.

“मी उतरतो खाली,” तो म्हणाला. “एक दिवस खर्ज गाऊन मरत नाही माणूस.”

“तुलांग, जमणार नाही.”

“ऐक तर.” त्याने छाती भरून घेतली आणि हनुवटी गळ्यात खुपसून एक सूर लावला. तो सूर अर्ध्यात तुटला आणि तिथून नुसती हवा आली. दारातली कोंबडी पळाली. लमरियाला हसू आवरलं नाही, आणि तोही हसला.

तिने प्रमुख परीक्षकांना, ज्यांना सगळे आदराने अमांग म्हणत त्या बोनारना, फोन लावला.

“तीन आवाजांत गायलं तर चालेल का, अमांग?”

“गा की. आम्ही आनंदाने ऐकू. पण स्पर्धेत नाही धरता येणार, बाई. नियम माझा नाही.” माणूस बोलायला मऊ होता. “सूर दिल्यावर जो आवाज उत्तर देतो तोच आम्ही धरतो. मग तो गातो कसा हे नंतर. आम्हाला गावोगाव अशीच अडचण येतेय. खर्ज कुठे उरलाय? सगळे बाताममध्ये. तुमच्याकडे किती आहेत?”

लमरियाने खिडकीतून बघितलं. चर्चचं छप्पर दिसत होतं, आणि त्यामागे तळं.

“हॅलो? येऊ ना आम्ही? तसं असेल तर आत्ताच नाव मागे घ्या, आमची बोटीची खेप वाचेल.”

नाव मागे घ्यावं असं तिचं डोकं स्पष्ट सांगत होतं. बाकाची ऊब अजून खांद्यांवर होती. पण त्याच वेळी तिला तो सूर आठवला, पाचावरून एकावर उतरलेला, आणि आपण तो पुन्हा कधीच ऐकणार नाही ही कल्पना तिला सहन होईना. भीतीपेक्षाही ती जास्त सहन होईना.

“या, अमांग,” ती म्हणाली.

६

शनिवारी सकाळी परीक्षक बोटीने आले. अमांग बोनार आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघे, तिघांच्याही बुटांना धक्क्यावरचा चिखल. चर्चच्या मागे मासळीचं आर्सिक रटरटत होतं, आणि तिरफळासारख्या आंदालिमानचा झोंबणारा वास आत येत होता.

“आधी गाणं की आधी जेवण?” बोनारनी विचारलं.

“आधी जेवलात तर माझ्या भाचीला नंबर द्याल,” तुलांग म्हणाला, “आणि मग लोक म्हणतील मासळीला दिला.”

परीक्षक हसत पुढच्या रांगेत बसले. बाया खांद्यावर उलोस घेऊन उभ्या राहिल्या. त्या विणलेल्या वस्त्रांच्या लांब झालरी एका रेषेत लोंबत होत्या. लमरियाचे तळवे ओले होते. ती ते स्कर्टला पुसत होती आणि ते पुन्हा ओले होत होते.

तुलांग तिच्या कानाशी आला. “मी तिथे जाऊन बसतो, बेरे. निदान रिकामा दिसायला नको. मिटल्या ओठांनी उत्तर तरी देईन. तेवढं निभेल.”

“नको, तुलांग.”

पण तो गेलाच. खर्जाच्या बाकाशी गेला, टोकाशी टेकला. लमरिया बघत होती. तो सरळ बसला, मग थोडा पुढे सरला, मग अगदी कडेला, आणि मग, कुणीतरी जागा मागितल्यावर माणूस उठतो तसा, हलकेच मान लववून उठला. परत येताना तो आपला डावा दंड चोळत होता.

“मी आपला टेनरमध्येच बरा,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

७

तिने नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला.

वरच्या आवाजाला सूर दिला. बायांनी तो परत दिला, पातळ आणि स्वच्छ. बोनारनी मान डोलावली.

मधल्या आवाजाला. होटनिदाच्या रांगेने उत्तर दिलं. होटनिदाचे डोळे मिटलेले होते.

टेनरांना. तुलांगचा आवाज जरासा कापरा, पण सुरात होता.

मग ती उजवीकडे वळली.

खिडकीतून ऊन थेट बाकावर पडलं होतं. लाकडाची प्रत्येक रेघ दिसत होती, आणि त्यावर कुणीही नव्हतं. परीक्षकांनीही तिकडे बघितलं, मग दाराकडे, उशिरा येणारी माणसं असतील म्हणून. लमरियाने खर्जाचा सूर दिला. तिच्या गळ्यातून तो वरच्या सप्तकात निघाला, एखाद्या पोरीने बापाच्या चपला घालाव्यात तसा.

ती थांबली.

काही आलं नाही. वारा पडला होता. पातेल्यावरचं झाकण वाजत होतं, तेही कुणीतरी उचललं. उत्तर नव्हतं. तिने धरून ठेवलेली गोष्ट अजून खरी होती: बोलावल्यावर येत नाही, म्हणजे नाही. आता मान हलवायची, हात उचलायचा, तीन आवाजांत गायचं, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. बोनार तिच्याकडे समजुतीने बघत होते. हातातली पेन्सिल त्यांनी आडवी ठेवून दिली होती. तिला जाणवलं की ओपुंग युस्तिनना का सुटल्यासारखं वाटायचं, आणि तेच सुटणं आत्ता तिच्याही पायांतून वर येत होतं, गार पाण्यासारखं.

ते छातीपर्यंत येऊन थांबलं.

कारण खाली जमीन नव्हती. वर आवाज होते, छान होते, तिने रचलेले होते, आणि खाली काही नव्हतं. आणि ही पोकळी तिला आता ऐकू येत होती. एकदा ऐकल्यावर ती ऐकू न येणं शक्य नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक गाण्याखाली ती हीच पोकळी ऐकत राहणार होती.

तिने हात पुढे केला. पंजा उघडा, तळवा वर, जेवायला बोलावतात तसा. आणि तिने सूर पुन्हा दिला. या वेळी तो नियमासाठी नव्हता, आणि तिचा आवाज दबकत नव्हता. तो तिने असा दिला जसा तळ्याच्या काठावरून पलीकडच्या काठाला हाक देतात, आणि शेवटी तो तिने सोडून दिला.

आधी झालरी हलल्या.

वारा नव्हता. बायांच्या उलोसच्या झालरी, सगळ्या एकदमच, बाकाच्या दिशेने ओढल्या गेल्या आणि तशाच तिरप्या थांबल्या. दारातून, खिडक्यांतून हवा आत येऊ लागली, तिच्या मानेवरून, कानांजवळून, केस पुढे नेत. परीक्षकांच्या मांडीवरचे कागद त्याच दिशेला सरकले. लमरियाला माहीत होतं हे काय आहे. हजारदा तिने ते समोर उभं राहून पाहिलं होतं. गायला सुरुवात करण्याआधी माणसं एकत्र श्वास घेतात.

ती मागे सरली नाही. श्वास वाढत होता, अजून, अजूनही, त्या एका बाकावर मावतील त्याहून कितीतरी जास्त छात्या भरत होत्या. उन्हात तो बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू दबत गेला. कुणीतरी, बहुधा होटनिदाने, एक नाव घेतलं.

मग झालरी सरळ झाल्या, आणि खर्जाने तिला उत्तर दिलं.